आपला हिशेब बघणाऱ्या माणसाशी ओळख कशी करून घ्यावी

आमच्या दुकानाचे हिशेब ज्या मॅडम बघतात त्यांना माझी सगळी कुंडली पाठ आहे. दिरांशी वाटणी झाली तेव्हा कुणाच्या वाट्याला किती आलं, थोरलीच्या लग्नात कुठली ठेव मोडली, सोसायटीचं कर्ज कधी फिटलं, गडहिंग्लजच्या कुठल्या दुकानदाराकडं आमची उधारी अडकलीय, सगळं. आणि मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? चहात साखर घेत नाहीत आणि रविवारी ऑफिस बंद असतं. बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात साड्यांचं दुकान चालवणारी मी, गिऱ्हाइकाच्या आजीची पसंती कुठल्या काठाची होती ते सांगते. आणि जिच्यापुढं माझा गल्ला उघडा असतो तिचं गाव कुठलं ते मला ठाऊक नाही. हे काही मला बरं वाटेना.

आता ओळख आहे, चांगली आहे. बाजारातल्या बायका विचारतात, "वैनी, सीएबरोबर एवढं कसं काय जमतं तुमचं?" म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

आधी तारखा पाठ करा

पहिलं काम म्हणजे कॅलेंडर. कालनिर्णयवर आपण एकादशी-संकष्टी बघतो तशा यांच्या तिथी वेगळ्या. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कुणाला पैसे देताना कापून ठेवलेला कर, भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे आपण काय विकलं त्याचा तपशील. १४ ला २बी तयार होतं; आपल्याला माल देणाऱ्यांनी आपल्या नावावर कोणती बिलं चढवलीत ते त्यात दिसतं. आणि २० च्या आत ३बी भरून कर चुकता करायचा. तिमाही भरणाऱ्यांना आपल्याकडं २२ पर्यंत मुभा. म्हणजे खरी धांदल १४ ते २० या आठवड्यात. सुरतेच्या व्यापाऱ्यानं बिल चढवलेलं नसतं, इचलकरंजीवाल्यानं चुकीच्या नंबरावर चढवलेलं असतं, आणि त्या खरेदीवरच्या कराची वजावट बुडून तो आपल्या माथी बसू नये म्हणून मॅडमच्या ऑफिसातली पोरं फोन करून करून घसा बसवून घेतात. या दिवसांत "सहज आलो होतो" म्हणून जाऊ नका. २५ च्या पुढं जा, नाहीतर महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत.

वर्षाचं गणित आणखी वेगळं. आपण बाजारातली माणसं 'मार्चएंड, मार्चएंड' करून सीएची कीव करतो. मार्चएंड आपला आणि बँकवाल्यांचा. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट असतं, त्यासाठी सीए गावोगाव फिरतात, तेही एकवेळ आटोपतं. खरा पूर येतो तो जुलैपासून. पगारदारांच्या रिटर्नची ३१ जुलै, टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टची ३० सप्टेंबर, ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर. आता यात आपले सण मांडून बघा. श्रावण, गणपती, नवरात्र, आणि कधीकधी दिवाळीसुद्धा, सगळे याच पुरात. आपल्या बेळगावात नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड असते. मॅडम पहाटे फेटा बांधून त्यात जातात आणि नऊ वाजता ऑफिसात फाइल उघडून बसलेल्या असतात. हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं, कारण त्या दिवसांत मी त्यांना फक्त "ऑडिटचं झालं का?" एवढंच विचारायची.

मोकळीक म्हणाल तर नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य (३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक रिटर्न असतं, त्याच्या आत), संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, आणि मे महिना. मे सगळ्यात चांगला. बँक ऑडिट उरकलेलं, रिटर्नची गर्दी अजून लांब. वैशाख शुद्ध द्वितीयेची आपली शिवजयंती झाली की चित्ररथांची मिरवणूक निघते, तेव्हा सगळं गाव रात्रभर रस्त्यावर असतं. तुम्ही म्हणाल, गर्दीत काय ओळख होणार? होते की. रात्री एक वाजता रामदेव गल्लीच्या तोंडाशी चणे-फुटाणे खात उभ्या असलेल्या माणसाला कुणी ताळेबंद विचारत नाही.

एक लक्षात घ्या, सगळ्या अकाउंटंटची तिथी एक नसते. उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या अकाउंटंटला महिन्याच्या सुरुवातीला पगार आणि १५ तारखेला पीएफ-ईएसआय, म्हणजे कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे आणि विम्याचे पैसे. संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडच्या साखर कारखान्यातला अकाउंटंट तर उलटाच. गळीत हंगाम सुरू झाला की त्याची झोप उडाली; ऊस गेल्यावर १४ दिवसांत शेतकऱ्याचं बिल द्यायचा नियम आहे, शेतकरी दारात उभा असतो. आमची मॅडम नोव्हेंबरात मोकळी होते तेव्हा तो बुडतो, आणि तो पावसाळ्यात हात झटकून बसतो तेव्हा ही बुडते. तुमचा माणूस कुठला आहे ते बघून दिवस ठरवा.

पिशवी घरी ठेवा

भेटायला जाताना हातात कागद नको, मोबाइलमध्ये नोटिशीचा फोटो नको. "आलोच आहे तर एक छोटंसं विचारतो" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. छोटंसं कधीच नसतं. खानापूर रोडवरच्या एका कार्यालयात लग्नाच्या पंगतीला आम्ही शेजारी बसलो होतो. वरणावर तूप पडतंय तोवर समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, वडिलोपार्जित जमीन विकली तर टॅक्स किती?" मॅडम हसून म्हणाल्या, "सोमवारी फोन करा." ते गृहस्थ कसले ऐकतात! जमिनीचे गुंठे, भावांचे हिस्से, सगळं सुरू झालं. मी मध्येच जिलबीचं ताट त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "अहो, वाढा की पुढं." ते उठले वाढायला. मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं असं मला वाटतं.

तर हे शिकून घ्या. डॉक्टरला लोक लग्नात गुडघा दाखवतात तसं यांचं होतं. तुम्ही त्यांना सोडवणारं माणूस व्हा.

याच्याही आधीची एक गोष्ट, जी सांगायला संकोच वाटतो पण सांगते. फी थकवून मैत्री होत नाही. बाजारात सगळ्यांचे पैसे देऊन झाले की शेवटी सीएचे, अशी आपली रीत. वर "घरचीच माणसं तुम्ही" म्हणायचं. घरचं माणूस व्हायचं असेल तर फी वेळेवर द्या आणि बिलं ५ तारखेच्या आत लावून द्या. कर्नाटकातली वेगळी, बाहेरच्या राज्यातली वेगळी. आपल्या सरहद्दीवर हे फार महत्त्वाचं. पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडची बाई आमच्या दुकानात येऊन साडी घेऊन गेली आणि बिलावर तिचा पत्ता लिहिलेला नसेल तर ती विक्री इथलीच, कर केंद्र आणि कर्नाटकात वाटला जातो. तोच माल आम्ही चंदगडच्या दुकानदाराला पाठवला की आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर), आणि ५०,००० च्या वरचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन कागद. कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक कराची सोय, घेतलेल्याला तर तसा माल राज्याबाहेर पाठवताच येत नाही. पंधरा-वीस किलोमीटरवर राज्य बदलतं, त्यामुळं आमच्या बिलांची खिचडी लवकर होते. ती निवडत बसण्यात मॅडमचे रविवार जायचे. मी बिलं निवडून द्यायला लागले आणि त्यांचे रविवार थोडे मोकळे झाले. ज्याला रविवारच नाही त्याच्या रविवारबद्दल काय विचारणार?

जिथं त्यांना कुणी खजिनदार केलेलं नाही अशी जागा शोधा

हे मला सासऱ्यांच्या वेळच्या दिवाणजींमुळं कळलं. वडगावहून सायकलनं यायचे. कीर्द, खतावणी, संध्याकाळी रोजमेळ. अक्षर असं की छापल्यासारखं. आजेसासऱ्यांच्या काळातल्या, शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाच्या मोडीतल्या चोपड्या ते घडाघडा वाचून दाखवायचे. गल्ला जुळला की चष्मा डबीत, डबी खिशात, आणि सायकलवर टांग. एकादशीला तासभर लवकर जायचे, भजन असायचं. आम्ही समजत होतो, भजनात मृदंग वाजवत असतील, निदान टाळ तरी. ते गेल्यावर घरी भेटायला गेलो तेव्हा मंडळाची माणसं बसली होती, आणि त्यांच्यापुढं वह्यांची चळत. भजनी मंडळाची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराचा जमाखर्च, पंढरीच्या दिंडीचा खर्च, सगळं दिवाणजींच्या अक्षरात. मृदंग शिकायची फार इच्छा होती म्हणे त्यांची. मंडळात गेले त्या पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, तुम्ही हिशेबातले, तेवढं वर्गणीचं बघा.

तेव्हापासून मी बघते आहे, अकाउंटंटनं कुठंही पाऊल ठेवलं की पावतीपुस्तक त्याच्या हातात पडतं. गणेशोत्सव मंडळात खजिनदार, कॉलनीच्या असोसिएशनचा खजिनदार, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा खजिनदार. आपल्याकडं हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. मांडवात पहिल्या रांगेत बसून कविता ऐकायची ज्याला हौस, तो बिचारा मांडवामागं टेबल टाकून देणग्या लिहीत असतो. लोक प्रेमानं करतात, विश्वास आहे म्हणून करतात, मान्य आहे. पण तिथं जाऊन तुम्ही त्यांना भेटलात तर तुम्ही ऑफिसातच भेटलात असं समजा.

मॅडमची अशी जागा मला मिळाली ती "तुमचं गाव कुठलं?" या प्रश्नातून. आपल्या भागात हा प्रश्न कुणालाही विचारावा. बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाचंही एक गाव असतंच. मॅडमचं माहेर खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या बाजूला. सासर पलीकडं महाराष्ट्रात. एका घरचा उतारा कर्नाटकातला, दुसऱ्या घरचा सातबारा महाराष्ट्रातला. भाऊ शेती करतो, भाताची. मी म्हटलं, सुगीला जाता का? त्यांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाल्या, "लावणीला कधीच जमत नाही, ३१ जुलै असते ना. सुगीला मात्र जातेच. तुम्ही येताय का?"

गेले. नोव्हेंबरचा दुसरा रविवार असेल. पहाटे धुकं होतं, खानापूरच्या पुढं तर गाडीचे दिवे लावावे लागले. खळ्यावर मळणी चालली होती. मॅडमनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, पायात भावाच्या जुन्या चपला, आणि पेंढ्या उचलून मशीनपाशी द्यायला लागल्या. मी ज्या बाईला कायम कॉम्प्युटरसमोर बघितलं तिच्या दंडात एवढी ताकद असेल असं मला वाटलंच नव्हतं. भाऊ सांगत होता, यंदा गव्यांनी एक कोपरा साफ खाल्ला, रात्ररात्र माळ्यावर बसून राखण केली, एकदा हत्तीसुद्धा शिवारात येऊन गेला. दुपारी तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, कच्चा कांदा. संध्याकाळी पोती भरून झाली. भाऊ म्हणाला, "अक्का, मोज की जरा, किती झाली."

मॅडम पेंढ्यांच्या गंजीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी काय मोजत नाही आज. तूच मोज."

त्यानं मोजली, मध्येच चुकला, परत पहिल्यापासून मोजली. मॅडमना दिसत होतं कुठं चुकला ते. मलाही दिसत होतं. बोलल्या नाहीत.

तुमच्या अकाउंटंटची जागा शेतच असेल असं नाही. कुणाची पहाटेची व्हॅक्सिन डेपोमधली जुन्या झाडांखालची फेरी असते. कुणी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढतो. सरदार्स मैदानावर टेनिस बॉलच्या सामन्यात स्कोअर लिहायला बसवलेला दिसला तर मात्र समजा की इथंही पकडला गेलाय बिचारा. फलंदाजीला येईल त्या दिवशी जा.

काय विचारावं, काय नाही

आर्टिकलशिपच्या गोष्टी विचाराव्यात. सीए होताना एखाद्या फर्ममध्ये उमेदवारी करावी लागते, आता दोन वर्षं, आधी तीन होती. त्या काळाबद्दल हे लोक असे बोलतात की थांबत नाहीत. निपाणीच्या तंबाखूच्या गोदामात माल मोजायला गेले आणि शिंका थांबेनात, शेवटची एसटी चुकली, लॉजमध्ये ढेकूण, साहेबांनी रात्री बारा वाजता बेरीज परत करायला लावली. ऐकत राहा. पण कुणाचं गोदाम, काय सापडलं, हे विचारू नका. अशिलाची गोष्ट बाहेर न सांगणं हा त्यांच्या कायद्यातला नियम आहे, आणि जो तुम्हाला दुसऱ्याचं सांगेल तो तुमचंही सांगेल. किती अटेम्प्टमध्ये सीए झालात, हेही विचारायचं नाही. शाळा कुठली, गोगटे कॉमर्सला कोण कोण बरोबर होतं, दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजीत कॉस्टिंग वाचताना काय झालं, कन्नडमधली पहिली नोटीस कुणाकडून वाचून घेतली, हे सगळं चालतं.

१ जुलैला शुभेच्छा द्या. १९४९ साली त्याच दिवशी त्यांची संस्था स्थापन झाली, म्हणून तो सीए दिन. २०१७ साली जीएसटीही त्याच दिवशी आली. मॅडम म्हणतात, वाढदिवसाला सरकारनं दिलेली भेट.

दिवाळीला कुंदा नेऊ नका. सगळे कुंदाच नेतात, ऑफिसातल्या पोरांना कुंद्याचा वास नकोसा होतो. महागाचं तर काहीच नको, सही करणाऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. मी अबोलीचं रोप नेलं होतं कुंडीत. ते अजून त्यांच्या गॅलरीत आहे.

आणि स्वतःबद्दल सांगा. त्यांना तुमचा आकडा माहीत असतो, आकड्यामागचं माहीत नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शहापूर-वडगावात विणकरांच्या मागांत पाणी शिरलं, आमच्या खालच्या खोलीतल्या मालाचीही तीच गत. हिशेबात त्याची एक ओळ आहे, मालाचं नुकसान, आणि तिच्याखाली दुसरी ओळ, त्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, परत. नासलेल्या मालाचं क्रेडिट परत करावं लागतं, असा कायदा. तेव्हा मॅडमनी मला ते फोनवर सांगितलं होतं, आणि मी बरं म्हणून फोन ठेवला होता. सुगीहून परत येताना गाडीत मी त्यांना सांगितलं की त्या साड्या आम्ही गच्चीवर वाळत घातल्या होत्या, लाल रंग पांढऱ्यात उतरलेला, सासूबाई एकेक घडी उलगडून बघत होत्या की निदान पदर तरी वाचलाय का. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुम्हाला तो क्रेडिटचा फोन करायच्या आधी मी बाहेर जाऊन दोन फेऱ्या मारून आले होते, कसं सांगायचं म्हणून. त्या आठवड्यात असे बरेच फोन करावे लागले त्यांना.

संबोधन बदलायची घाई नको. मी अजून मॅडमच म्हणते, त्या मला वैनी म्हणतात. पुरुष अकाउंटंट असेल तर 'सर' वरून 'अण्णा' वर यायला वेळ जाऊ द्या. त्यांच्या घरच्यांशी ओळख झाली की ते आपोआप होतं.

काही जणांना ओळख नकोच असते. ऑफिस ते ऑफिस, घर ते घर. दोनदा बोलावून आले नाहीत तर तिसऱ्यांदा बोलावू नका. कामात काही बिघडत नाही, उलट अशी माणसं फार नेटकी असतात.

शेवटचं म्हणजे, बेत कच्चाच ठेवायचा. सरकार तारखा वाढवतं आणि आपल्याला वाटतं सीएला आराम मिळाला. २०२५ साली रिटर्नची ३१ जुलै १५ सप्टेंबरवर गेली, वर एक दिवस वाढवून १६. मग ऑडिटचा रिपोर्ट १० नोव्हेंबरपर्यंत आणि ऑडिटवाल्यांचं रिटर्न १० डिसेंबरपर्यंत. तारीख वाढली की लोक कागद आणखी उशिरा देतात, बाकी काही होत नाही. त्या वर्षी मॅडमची दिवाळी गेली आणि सुगीही गेली. लोकमान्य रंगमंदिरातल्या नाटकाची तिकिटं मी काढून ठेवली होती, ती जावेला दिली. अशा वेळी फोन करून हळहळू नये, डबा पाठवावा. आणि डब्यात भाकरी ठेवली तर वेगळ्या फडक्यात बांधा. ऑफिसात जेवायला तीन वाजतात, तोवर आमटीच्या वाफेनं ती ओली होते.